पाणी कुठवर आलं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात २०१९ च्या महापुराबद्दल कुणालाही विचारा, बोलणं सुरू होतं ते २००५ पासून. "पाच सालाला पाणी मारुतीच्या पाराला लागलं हुतं," असं म्हणून माणूस आधी पार दाखवतो, मग ज्या सोप्यात आपण बसलोय तिथला उंबरा दाखवतो आणि शेवटी सांगतो, "हितं आलंच न्हवतं. मग कशाला निघायचं?"

गेली काही वर्षं कृष्णाकाठच्या एका लहान गावात जाऊन मी हेच ऐकते आहे. महापुराच्या त्या दिवसांत गावाला काय कळत होतं, कुणाकडून कळत होतं आणि कळल्यावर माणसं काय करत होती, एवढाच माझ्या अभ्यासाचा विषय. गावाचं नाव इथे लिहीत नाही. लोकांनी विश्वासाने घरातलं बोलून दाखवलंय, ते घरातच राहावं. चार-पाचशे उंबऱ्यांचं, उसाने वेढलेलं, नदीकडेला मळीची रानं आणि वर गावठाण असलेलं, या भागात शोभेल असंच एक गाव आहे ते.

पुराची कारणं काय, यावर पुष्कळ बोलून झालंय. नंदकुमार वडनेरे समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचा वाद तर दर पावसाळ्यात नव्याने पेटतो. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण पाणी दाराशी येत असताना निरोप दारापर्यंत कसा पोचला, याची चौकशी फारशी कुणी करत नाही. आणि मला वाटतं, माणसं अडकली की सुटली, हे बऱ्याच अंशी तिथे ठरलं.

इकडचा पूर डोंगरातल्या पुरासारखा अंगावर धावून येत नाही. सह्याद्रीतून वेगाने उतरलेल्या नद्या सांगलीच्या आसपास आल्या की जमीन सपाट होते, पात्र वळणं घेऊ लागतं, वेग मंदावतो. हरिपूरला वारणा कृष्णेत मिसळते, नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते, खाली दूधगंगा आहेच. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे सरकतं, फुगतं, आणि परातीत पाणी ओतावं तसं रानोमाळ पसरतं. तासाला काही इंच, कधी त्याहून कमी. मध्येच थांबतं. लोक म्हणतात, "थांबलंय," आणि जेवायला बसतात. तासाभराने बघावं तर आणखी एक पायरी बुडालेली.

म्हणजे वेळ मिळतो. एक-दोन दिवस सहज मिळतात. एवढा वेळ हाताशी असताना माणसं का निघत नाहीत, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो, आणि त्याचं ठरलेलं उत्तर असतं, 'लोक ऐकत नाहीत.' मला हे उत्तर मान्य नाही. लोक फार बारकाईने ऐकत होते. फक्त ते काय ऐकत होते, हे आपण विचारलं नव्हतं.

आकड्यांची कमतरता तर मुळीच नव्हती. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला हेच आकडे ३९ आणि ४३. पावसाळ्यात इथे दोन माणसं भेटली की "आयर्विनला किती?" हा प्रश्न येतोच. धरणांचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं असा, जाहीर होतो. कोयनेतून इतके हजार, वारणेतून इतके, राधानगरीचे इतके स्वयंचलित दरवाजे उघडले. हे सगळं ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून सांगितलं जात होतं, मोबाइलवर येत होतं, पेपरात छापून येत होतं. पण कोयनेतून सोडलेल्या क्युसेकचं आपल्या गल्लीत काय होणार, हे गणित ज्याचं त्यालाच सोडवायचं होतं.

आणि ते सोडवायला गावाकडे एकच माप होतं, पाच सालाचं. २००५ ला आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्या पुराच्या खुणा भिंतींवर होत्या आणि डोक्यात त्याहून पक्क्या होत्या. कुणाच्या परसात, कुणाच्या गोठ्याच्या दावणीला, शाळेच्या तिसऱ्या पायरीला. खालच्या आळीतली माणसं २०१९ ला वेळेवर निघाली, कारण पाच सालाने त्यांना भिजवलं होतं. अडकली ती मधल्या आळीतली, जिथे तेव्हा पाणी शिवलं नव्हतं. या खेपेला आयर्विनचा आकडा ५७ च्या पुढे गेला. जवळपास चार फुटांचा फरक. सपाट मुलखात चार फूट म्हणजे मधली आळी सगळी.

हे ऐकताना मला फार अस्वस्थ व्हायचं. ज्या आठवणीने अर्ध्या गावाला वाचवलं, तिनेच उरलेल्यांना घरात बसवून ठेवलं. त्यांना बेफिकीर म्हणणं अन्यायाचं होईल. हाताशी असलेला सगळ्यात भरवशाचा पुरावा त्यांनी मानला होता.

पाणी मोजण्याची गावाची पद्धत मी बारकाईने विचारून घेतली. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची. उसाचं कांडकं नाही; बाभळीची किंवा बांबूची. तिच्यावर विळ्याने खाच पाडायची. तरुण मंडळाची दोन पोरं बॅटरी घेऊन जागी राहायची. दर तासाला बघायचं, खाच बुडाली की काठी मागे घेऊन पुन्हा रोवायची. आणि मग माडीवरून माडीवर हाक जायची, "चढतंय गाऽऽ!" किंवा "थांबलंय!" लाइट गेल्यावर हाच गावाचा खबरीचा मुख्य मार्ग उरला. त्या पोरांपैकी एक आता इचलकरंजीत कामाला जातो. तो म्हणाला, "ताई, 'थांबलंय' म्हणायला लई बरं वाटायचं. 'चढतंय' म्हणताना आवाजच फुटायचा न्हाई." मी त्याला विचारलं, कधी चुकीचं ओरडलास का? तो म्हणाला, "न्हाई. सगळं गाव जागं हुतं ना ऐकायला."

टीव्हीचा विषय निघाला की आजही लोक चिडतात. ५ ऑगस्टला काश्मीरचा निर्णय झाला आणि सगळ्या वाहिन्यांवर तेच. दुसऱ्या रात्री सुषमा स्वराज गेल्या, मग ती बातमी. इकडे पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडत होता आणि पडद्यावर पट्टीत एखादी ओळ सरकायची. "आमी हाय का न्हाई, ह्येच कुणाला ठावं न्हवतं," एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या. थोड्याच वेळात लाइट गेली, तो प्रश्नच मिटला. देशभराचं लक्ष नंतर वळलं, मदतीच्या गाड्यांची रीघ लागली, तोवर सगळ्यात कठीण रात्री सरल्या होत्या.

दूध संस्थेची हकिगत मात्र मला विस्ताराने सांगायला हवी. या भागातलं गाव दिवसातून दोनदा एका जागी जमतं, ते देवळात नव्हे, दूध संस्थेत. सकाळी आणि संध्याकाळी किटल्या घेऊन रांग लागते. फॅट लागेपर्यंत पाच-दहा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यात कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी गेली, नदी कुठवर आली, सगळं कळतं. बायाही असतात, पोरंही असतात. ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर जी माणसं बसत नाहीत, तीही इथे येतात. पुराच्या त्या आठवड्यात एका सकाळी दूध संघाची गाडी आली नाही. सेक्रेटरींनी फळ्यावर खडूने लिहिलं, 'आज संकलन बंद.' पुढे अनेकांनी मला सांगितलं की स्पीकर दोन दिवस ओरडत होता तेव्हा काही वाटलं नाही, पण तो फळा बघून पोटात गोळा आला. कारण गाडी कधी चुकत नाही. सणाला येते, संपात येते, पावसात येते. ती आली नाही म्हणजे रस्ता संपला.

रांगेतल्यांनी आणलेलं दूध तिथेच गल्लीतल्या लेकराबाळांना वाटून टाकलं. आणि त्याच दुपारी सेक्रेटरींनी आपल्या म्हशी सोडल्या. दोन म्हशी, एक रेडकू, मागून डोक्यावर पेंडीचं पोतं घेतलेला मुलगा. ती जनावरं भर गल्लीतून वरच्या माळाकडे गेली आणि दोन तासांत आळीतल्या बाकीच्या गोठ्यांची दावी सुटू लागली. एका बाईंनी ते असं सांगितलं: "मी मालकास्नी म्हटलो, तात्यांची म्हसरं चालली. आता काय बघत बसायचं न्हाई." तात्या म्हणजे हेच सेक्रेटरी. ते काही पुढारी नव्हेत. पण त्यांच्या हातात रोजचा हिशेब होता, आणि घाबरून उगाच काही करणारा माणूस नव्हे, ही त्यांची ख्याती होती. त्यांनी तोंडाने एक शब्द काढला नव्हता.

हेच मला पुन्हा पुन्हा सापडत गेलं. सांगितलेलं गावाने ऐकून घेतलं, पण उठलं ते कुणीतरी काही केल्यावर. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी उत्तरद्वारातून आत शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडलं की तिथे दक्षिणद्वार सोहळा होतो, भाविक स्नानाला गर्दी करतात. आसपासच्या गावांना त्यातून नदीची चढ आपोआप कळते. पण पाणी आणखी चढून उत्सवमूर्ती वरच्या मठात हलवली, ही बातमी आली की जुनी माणसं गप्प होतात. देव हलवला, म्हणजे ज्यांना नदी रोज दिसते त्यांनी काहीतरी ठरवलं. पोलीस पाटलांचा स्पीकरवरचा निरोप खरा होता, वेळेवरही होता. पण तसाच निरोप दरवर्षी येतो, आणि तो देताना पाटलांच्या स्वतःच्या दारात गाडी भरलेली नव्हती. त्या माणसाची यात काही चूक नाही. त्यांना शेवटपर्यंत गावात थांबायचंच होतं, मग ते गाडी कशाला भरतील?

जनावरांचं दुःख शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. घरातली बायकामुलं बोटीतून जातील, पण म्हैस बोटीत बसत नाही. म्हणून प्रत्येक घरातला एक पुरुष मागे राहिला, आणि तो राहिला म्हणून काही ठिकाणी म्हातारी आईही राहिली. निघायचं की नाही, हा निर्णय आकड्यावर नव्हे, गोठ्यावर अडला होता. 'जनावरांची सोय अमुक माळावर केली आहे, चारा आहे' एवढं एक वाक्य वेळेवर आणि खात्रीने सांगितलं गेलं असतं, तर स्पीकरवरच्या बाकीच्या सगळ्या वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असता, असं माझं ठाम मत झालंय.

मोबाइलचं थोडक्यात सांगते. स्मार्टफोन दीड दिवसात गार पडले. ज्यांच्याकडे बटणांचे साधे फोन होते, त्यांची किंमत वाढली. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्जिंग चालू होतं, आणि कुणाचा फोन आधी लावायचा यावरून भांडणं नको म्हणून एका आळीने ठरवलं की दोनच फोन जिवंत ठेवायचे. बाकीच्यांनी आपापल्या पुण्या-मुंबईच्या लेकरांना त्या दोन फोनांचे नंबर कळवले. पुढे गंमत अशी झाली की गावाला गावाची खबर पुण्याहून मिळू लागली. वरच्या आळीने पिंपरीतल्या मुलाला सांगायचं, त्याने ते ग्रुपवर टाकायचं, आणि खालच्या शाळेत अडकलेल्यांना ते परत फोनवर कळायचं. नियंत्रण कक्षाला फोन लावत बसायचं कामही बाहेरगावच्या पोरांनीच केलं. भलभलते जुने व्हिडिओही त्याच वाटेने आले. धरण फुटलं, ही आवई एका रात्री उठलीच. ती मोडली ती कोयना धरणाकडच्या पाटण भागात दिलेल्या एका लेकीने. आळीतल्या फोनवरून तिला फोन लागला, ती म्हणाली, "आई, मी हितंच हाय, काय फुटलं न्हाई." एका घरातलं ते बोलणं माडीमाडीवरून सगळ्या गावात गेलं.

८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावातलीच बोट उलटली आणि सुटकेसाठी निघालेली माणसं, त्यात बायका आणि लेकरं, बुडाली. त्याविषयी जास्त लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्या अभ्यासातल्या गावात ती बातमी दुपारपर्यंत पोचली, आणि त्यानंतर काही बायकांनी बोटीत पाय ठेवायला नकार दिला. जवान समजावत होते, लाइफ जॅकेट दाखवत होते. शेवटी गावातली अंगणवाडीची ताई स्वतः आधी बोटीत चढली, बसली, आणि मग एकेकीला हाताला धरून घेतलं.

या सगळ्यात कुणापर्यंत काय पोचलं नाही, तेही विचारायला हवं होतं, आणि त्याची उत्तरं हळूहळू मिळाली. ग्रुपवर पुरुष होते. सुनेला बातमी कळायची ती नवरा किंवा सासरा सांगेल तेव्हा. ओढ्यापलीकडच्या वस्तीत स्पीकरचा आवाजच जात नव्हता. वारा गावाकडून असेल तर अर्धे शब्द, नाहीतर नुसता गलका. वस्तीतल्या एका गृहस्थांनी मला शांतपणे सांगितलं, "लग्नाची वाजंत्री ऐकू येते आम्हाला. कामाचं तेवढं ऐकू येत न्हाई." ओढ्याला पाणी चढलं की वस्ती गावापासून आधी तुटते. म्हणजे ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं, त्यांना सगळ्यात शेवटी कळत होतं. ही गोष्ट पाच सालातही अशीच होती. मधल्या चौदा वर्षांत कुणी तिकडे एक खांब उभा केला नव्हता.

वस्तीतली माणसं निघाली ती आशाताईंमुळे, म्हणजे गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा कार्यकर्तीमुळे. त्यांची वही मी पाहिलीय. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, पावसात दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. गरोदर बायका, त्यांचे महिने, बाळंतिणी, लसीकरण राहिलेली पोरं, बीपीच्या गोळ्या चालू असलेले, अंथरुणाला खिळलेले. शासनाला मासिक अहवाल द्यायचा म्हणून ठेवलेली ती वही. त्या दिवशी आशाताई ती घेऊन ओढ्याच्या गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेल्या आणि घरोघर फिरल्या. कोण आधी, कोण मागून, कुणाला उचलून न्यावं लागेल, हे त्यांनी समासात पेन्सिलीने आकडे घालून ठरवलं. ते आकडे अजून दिसतात. आठवा महिना असलेल्या एका मुलीच्या नावापुढे १ आहे. संध्याकाळी ओढा छातीला लागला, तोवर वही संपली होती. जिल्ह्याच्या कुठल्याही आराखड्यात इतकी अचूक यादी मी पाहिली नाही.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का असं करायला? "कोण सांगणार? वहीत लिवलंय म्हणजे मलाच ठावं हुतं ना."

२०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. तेव्हा मधली आळी आधीच निघाली, जनावरांसकट. पण आता सगळ्यांच्या तोंडी एकोणीस सालाचं माप आहे, आणि मला त्याचीच काळजी वाटते. नदीने एकोणीसची रेघ शेवटची मानलीय, असं कुठे आहे? भिंतीवरच्या रेघेसोबत आयर्विनचा आणि राजाराम बंधाऱ्याचा आकडा लिहिला पाहिजे: तिथे इतके फूट झाले तेव्हा इथे पाणी आलं होतं. मग सकाळच्या आकड्यावरून प्रत्येक आळीला आपला अंदाज बांधता येईल, आणि रेघेच्या वरचाही विचार करता येईल. मी हे सुचवलं तेव्हा वाद झाला. एका घरमालकांना भिंतीवर पुराची रेघ नको होती. मुलाचं लग्न ठरायचंय, पाहुणे दारातच परत फिरतील, म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नाही, त्यामुळे कुणी जोर केला नाही. शेवटी शाळा, दूध संस्था आणि समाजमंदिर या तीन भिंतींवर तेलरंगाने रेघा आणि आकडे आले.

वस्तीच्या स्पीकरचा विषय आशाताईंनी ग्रामसभेत काढला. एकदा काढला, लोक हो म्हणाले, काही झालं नाही. पुढच्या सभेला त्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना घेऊन गेल्या आणि ठराव लिहून होईपर्यंत कुणीच उठलं नाही. आता ओढ्यापलीकडे खांब आहे, त्यावर सौर बॅटरीवर चालणारा भोंगा आहे, आणि माइक वस्तीतल्या समाजमंदिरात आहे. म्हणजे तिकडून गावाकडेही ओरडून सांगता येतं. समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असावी, यावर मात्र अजून एकमत नाही. ग्रामपंचायत म्हणते शिपायाकडे. शिपाई ओढ्याच्या अलीकडे राहतो, हे बचत गटाच्या बायका दर सभेत उठून सांगतात.